जुन्या आउटबोर्डच्या कार्बोरेटरसाठी स्क्रू निवडताना: आधी आटे मोजा, मग दुकानात जा

कोकण किनाऱ्यावरच्या जुन्या आउटबोर्डचा, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाचा, कार्बोरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग) उघडला की बहुतेक वेळा सारखंच दिसतं. एक-दोन स्क्रू गंजलेले, एखाद्याचं डोकं गुळगुळीत झालेलं आणि एखादा आधीच्या कोणीतरी हाताला लागला तो पिळून बसवलेला. यातला तिसरा सगळ्यात जास्त नुकसान करतो. कार्बोरेटरची बॉडी जस्ताच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतीव असते, स्क्रू पोलादाचा असतो. आटे जुळले नाहीत तर झिजते ती बॉडी. स्क्रू चार-पाच रुपयांत येतो. जुन्या मॉडेलची बॉडी मात्र पैसे मोजूनही मिळेलच असं नाही. म्हणून "साधारण याच जाडीचा" स्क्रू आणू नये. जाडी, आट्यांमधलं अंतर, लांबी आणि डोकं या चारही गोष्टी जुळल्या पाहिजेत, आणि या चारांत आट्यांमधल्या अंतराला पहिला मान.

कामाला हात लावण्याआधी इंधनाचा पाइप काढा, किल स्विचची (इंजिन बंद करायच्या स्विचची) क्लिप काढून ठेवा, फ्लोट बोलमधलं (कार्बोरेटरच्या तळाची पेट्रोलची वाटी, पुढे नुसतं बोल) इंधन डब्यात उतरवा. काम उघड्यावर करा. आसपास विडी-सिगारेट, स्टोव्ह, वेल्डिंग काहीही नको. जाड पुठ्ठ्यावर कार्बोरेटरची ढोबळ आकृती काढा आणि ज्या जागेचा स्क्रू त्या जागी पुठ्ठ्यात खोचत जा. बोलच्या चार स्क्रूंमध्ये एखादा ३-४ मिलिमीटर लांब असतो, कारण त्याखाली पाइपची क्लिप किंवा लिंकचा ब्रॅकेट धरलेला असतो. तो भलत्या भोकात गेला तर भोकाच्या तळाला टेकतो. हाताला घट्ट लागतो, पण बोल दाबला जात नाही आणि पेट्रोल झिरपत राहतं.

इंजिन मिलिमीटरचं की इंचाचं

जपानी बनावटीच्या इंजिनात, म्हणजे यामाहा, सुझुकी, तोहात्सूमध्ये, मेट्रिक आटे असतात. कार्बोरेटरवर बहुधा एम४, एम५ आणि एम६ सापडतात (एमपुढचा आकडा म्हणजे मिलिमीटरमधली जाडी), थ्रॉटलच्या पाकळीला, म्हणजे हवेची वाट उघड-मिट करणाऱ्या चकतीला, एम३ किंवा एम४. अमेरिकी बनावटीच्या जुन्या जॉन्सन, एव्हिनरूड आणि मर्क्युरीत इंचाचे आटे असतात: ६-३२, ८-३२, १०-२४, १०-३२ आणि पाव इंच-२०. यात पहिला आकडा जाडीचा क्रमांक आणि दुसरा एका इंचातल्या आट्यांची संख्या. ब्रिटिश सीगलसारख्या इंजिनांवर बी.ए. मालिकेचे आटे भेटतात. त्यांचा कोनच वेगळा, ४७.५ अंश. मेट्रिक आणि अमेरिकी आट्यांचा कोन ६० अंश असतो.

हुडवरच्या नावावर मात्र विसंबू नका. जुनी मरिनर इंजिनं बरीचशी जपानमध्ये यामाहाकडे बनलेली आहेत. ती मेट्रिक. त्याच नावाची पुढची काही इंजिनं मर्क्युरीच्या अमेरिकी बनावटीची. मर्क्युरीची छोटी इंजिनं तोहात्सूने बनवलेली असू शकतात, आणि जॉन्सनच्या नावाखाली विकलेली काही फोर-स्ट्रोक इंजिनं मुळात सुझुकीची आहेत. शिवाय चाळीस वर्षांच्या इंजिनावर दुसऱ्याच इंजिनाचा कार्बोरेटर चढवलेला असणं अगदी शक्य आहे.

खात्री करायचा सोपा मार्ग म्हणजे कार्बोरेटर मॅनिफोल्डला (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या भागाला) धरणारे मोठे बोल्ट मोजणं. लहान स्क्रूवर मिलिमीटर आणि इंच यांतला फरक निसटतो, मोठ्यावर स्पष्ट दिसतो. व्हर्नियरवर आट्यांची जाडी ५.८ ते ५.९५ आली आणि डोक्याला १० नंबरचा पाना नीट बसला तर एम६. जाडी ६.३ च्या आसपास आणि पाना ७/१६ इंचाचा, तर पाव इंच. मोठे बोल्ट ज्या मालिकेचे, त्याच मालिकेचे छोटे स्क्रू असण्याची शक्यता दाट असते. तरी प्रत्येक स्क्रू वेगळा मोजायचाच.

मोजमाप कसं घ्यायचं

लागणारी साधनं: व्हर्नियर, शक्य असेल तर पिच गेज (आट्यांमधलं अंतर, म्हणजे पिच, ताडायच्या दातेरी पट्ट्या), एक भिंग आणि पितळी ब्रश. गंजका स्क्रू आधी ब्रशने साफ करा. गंजाचा थर मोजमापात दहा-वीस शतांश मिलिमीटरची भर घालतो आणि तेवढ्याने निष्कर्ष बदलतो. जाडी मोजताना टोकाजवळची आणि झिजलेली जागा टाळून मधल्या आट्यांवर मोजा.

मग आट्यांमधलं अंतर. पिच गेज नसेल तर दहा अंतरं एकदम मोजा. एका आट्याच्या शेंड्यापासून सुरू करून पुढचे दहा शेंडे मोजा आणि पहिल्यापासून अकराव्या शेंड्यापर्यंतचं अंतर घ्या. स्क्रू आखूड असेल तर पाच अंतरं मोजून दुप्पट करा. आकडे असे येतात:

एम३ : जाडी सुमारे २.९, दहा अंतरं ५.० मिमी
एम४ : जाडी ३.८५ ते ३.९५, दहा अंतरं ७.० मिमी
एम५ : जाडी ४.८५ ते ४.९५, दहा अंतरं ८.० मिमी
एम६ : जाडी ५.८ ते ५.९५, दहा अंतरं १०.० मिमी
६-३२ : जाडी सुमारे ३.४५, दहा अंतरं ७.९ मिमी
८-३२ : जाडी ४.० ते ४.१५, दहा अंतरं ७.९ मिमी
१०-२४ : जाडी ४.६५ ते ४.८, दहा अंतरं १०.६ मिमी
१०-३२ : जाडी ४.६५ ते ४.८, दहा अंतरं ७.९ मिमी
पाव इंच-२० : जाडी ६.२ ते ६.३, दहा अंतरं १२.७ मिमी

खूपच जुन्या, साठच्या दशकातल्या जपानी इंजिनावर काम करत असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्या काळच्या जपानी मानकात एम३, एम४, एम५ चे आटे आजच्यापेक्षा थोडे विरळ होते: ०.६, ०.७५ आणि ०.९ मिलिमीटर. दहा अंतरं ७.५ आली तर मोजण्यात चूक झाली असं लगेच समजू नका. एम६ तेव्हाही १.० चाच होता.

गल्लीतल्या दुकानातला सापळा

आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानांत सुताचा हिशोब अजून चालतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. दुकानदाराला जुना स्क्रू दाखवला की तो डोळ्यांनी बघून सव्वा सुती किंवा दीड सुती काढून देतो. हे स्क्रू बहुधा ब्रिटिश व्हिटवर्थ आट्यांचे असतात, कोन ५५ अंश. पंख्याला, स्विचबोर्डला ते उत्तम. कार्बोरेटरला नाही.

सव्वा सुती, म्हणजे ५/३२ इंचाचा स्क्रू, जाडीला ३.९७ मिलिमीटर भरतो. एम४ शी इतका जवळ की व्हर्नियरवरही फरक कळणार नाही. पण त्याचे आटे इंचाला ३२, म्हणजे दहा अंतरं ७.९ मिलिमीटर, तर एम४ ची ७.०. एम४ च्या भोकात तो दोन-तीन फेरे हलका जातो, मग जड होतो. "गंजामुळे जड जातोय" असं समजून स्क्रू ड्रायव्हरवर जोर दिला की तो पुढे सरकतो, पण सरकताना बॉडीतले मूळ आटे कापत जातो. त्या दिवशी बोल बंद होतो. पुढच्या वेळी उघडल्यावर आट्यांचा चुरा स्क्रूबरोबर बाहेर येतो आणि एम४ पुन्हा धरत नाही. किनाऱ्यावरच्या जपानी कार्बोरेटरमधले गेलेले आटे पाहिले तर त्यामागे गंजापेक्षा हेच कारण जास्त वेळा असतं.

दीड सुती, म्हणजे ३/१६ इंच, इंचाला २४ आटे. हा अमेरिकी १०-२४ शी गोंधळतो. आट्यांमधलं अंतर दोघांचं एकच असल्याने तो शेवटपर्यंत जातो आणि सगळं ठीक वाटतं. पण कोन वेगळा आणि जाडी किंचित कमी, त्यामुळे आट्यांची पूर्ण बाजू टेकत नाही. मऊ धातूत तो धरून राहत नाही. दोन सुती व्हिटवर्थ आणि पाव इंच-२० यांचंही असंच.

तिसरी जोडी एम५ आणि १०-३२ ची. दहा अंतरांमध्ये फरक जेमतेम ०.०६ मिलिमीटर, हाताने मोजता येणार नाही असा. इथे जाडीच निकाल देते: ४.८ च्या खाली असेल तर १०-३२, ४.८५ च्या वर असेल तर एम५. एम५ च्या भोकात १०-३२ सुरेख फिरत जातो, पण सैल बसतो आणि शेवटची आवळणी देताना आटे घेऊन सुटतो. उलट, १०-३२ च्या भोकात एम५ पहिल्याच फेऱ्याला अडतो. अडला तर तिथेच थांबा. स्क्रू फार झिजलेला असेल आणि निकाल लागत नसेल तर मॅनिफोल्डचे मोठे बोल्ट काय सांगतात ते पुन्हा बघा.

या सगळ्यावर एकच कसोटी: स्वच्छ भोकात योग्य स्क्रू नुसत्या बोटांनी पूर्ण खोल जातो. बोटांनी जात नसेल तर एकतर भोक घाण आहे किंवा स्क्रू चुकीचा आहे. ड्रायव्हर हातात घ्यायचा तो फक्त शेवटच्या पाव-अर्ध्या फेऱ्यासाठी.

लांबी

पॅन हेड, चीज हेड आणि षटकोनी डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्याच्या खालून टोकापर्यंत मोजतात. बसक्या म्हणजे काउंटरसंक डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात. जुना स्क्रू मूळचा असेल याची खात्री नसेल तर भोकच मोजा. व्हर्नियरच्या शेपटीकडची सळई भोकात तळापर्यंत घालून खोली घ्या. त्यात बोलच्या कडेची जाडी, गॅस्केट आणि वॉशर मिळवा आणि येणाऱ्या बेरजेतून दीड ते दोन मिलिमीटर वजा करा. तेवढी मोकळी जागा तळाशी राहिली पाहिजे. शिवाय बॉडीच्या आट्यांत स्क्रू त्याच्या जाडीच्या किमान दीडपट गुंतला पाहिजे: एम४ ला ६ मिलिमीटर, एम५ ला ७.५. पोलादात जाडीइतकं पुरतं, ओतीव अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्तात पुरत नाही.

स्प्रिंग वॉशर विसरणं ही किरकोळ वाटणारी पण नेहमी घडणारी चूक आहे. मूळ स्क्रूला डोक्याखाली स्प्रिंग वॉशर आणि साधा वॉशर अडकवलेला असतो. नवा स्क्रू वॉशरशिवाय बसवला की त्याची उपयोगी लांबी दीड-दोन मिलिमीटरने वाढते. मग तोच प्रकार: तळाला टेकतो, घट्ट लागतो, पण बोल ओला राहतो. यावर अजून आवळलं तर ओतीव भाग तडकतो.

डोकं आणि ड्रायव्हर

जपानी स्क्रूचा क्रॉस आणि आपल्या नेहमीच्या फिलिप्स ड्रायव्हरचा क्रॉस एक नाही. जपानी मानकाच्या खाचेत फिलिप्सचं टोक तळाशी बसत नाही. जोर दिला की वर उचललं जातं आणि खाच खाऊन टाकतं. जपानी स्क्रूच्या डोक्यावर पुष्कळदा एक बारीक ठिपका खोदलेला असतो. तो दिसला की जपानी मानकाचाच ड्रायव्हर घ्या. व्हेसलसारख्या जपानी कंपनीचा २ नंबरचा ड्रायव्हर एम३, एम४ आणि एम५ साठी चालतो, १ नंबरचा त्याहून लहान स्क्रूंसाठी. या एका ड्रायव्हरने निम्मे "अडकलेले" स्क्रू सुटतात.

नवा स्क्रू घेताना डोक्याचा व्यासही मोजा. जपानी एम४ पॅन हेडचं डोकं ७ मिलिमीटर असतं, बाजारात सर्रास मिळणाऱ्या आयएसओ स्क्रूचं ८. बोलवर स्क्रूसाठी गोल खळगा असेल तर ८ चं डोकं कडेला घासतं आणि तिरकं टेकतं. ते तिथे बसवायचं नाही.

अ‍ॅलन स्क्रू लावावेत का? चावी नीट बसते, डोकं खराब होत नाही, हे खरं. पण त्याचं डोकं उंच असतं, जवळच्या लिंकला अडू शकतं. व्यास लहान असल्याने खाली साधा वॉशर लागतोच. आणि लांब चावीने एम४ आवळताना जोर किती गेला ते कळत नाही. अ‍ॅलन लावायचेच तर स्टेनलेसचे. काळे हाय टेन्साइल अ‍ॅलन खाऱ्या हवेत लवकर गंजतात, आणि त्यांच्या ताकदीचा इथे काही उपयोग नाही, कारण आधी तुटणार आहेत ते बॉडीचे आटे.

धातू कोणता

मूळ स्क्रू बहुधा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असतात. मुलामा आधी झिजतो, बॉडी वाचते. बोलच्या स्क्रूंना हाच सगळ्यात सुरक्षित पर्याय आहे. अट एकच: कार्बोरेटर उघडला की ते बदलायचे, पुन्हा तेच लावायचे नाहीत.

स्टेनलेस दिसायला छान राहतो, पण अ‍ॅल्युमिनियम किंवा जस्ताच्या बॉडीत खारं पाणी शिरलं की दोन धातूंमध्ये विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि झिजते ती बॉडी. आट्यांत पांढरी भुकटी साठते, ती फुगते आणि स्क्रू असा धरला जातो की काढताना डोकं तुटतं. स्टेनलेस लावायचा असेल तर ए४ म्हणजे ३१६ प्रतीचा घ्या, आणि आट्यांना टेफ्लॉनयुक्त गंजरोधक पेस्ट किंवा पाण्याने न धुपणारं मरीन ग्रीस लावूनच बसवा. तांब्याची भुकटी असलेली अँटी-सीझ पेस्ट इथे नको, तांबं अ‍ॅल्युमिनियमचं आणखी नुकसान करतं. "एसएस" म्हणून विकल्या जाणाऱ्या स्वस्त २०२ प्रतीपासून दूर राहा, समुद्रावर त्याला तांबूस डाग लवकर धरतात. चांगल्या षटकोनी आणि अ‍ॅलन डोक्यावर ए२-७० किंवा ए४-७० अशी खूण असते. लोहचुंबकाची परीक्षा पुरेशी नाही, कारण घडवताना चांगलं स्टेनलेसही थोडं चुंबकीय होतं.

जे स्क्रू हार्डवेअरच्या दुकानातून आणायचेच नाहीत

पहिला, मिश्रणाचा स्क्रू, म्हणजे टोकदार निमुळत्या सुईचा. त्याच्या निमुळतेपणावर मंद गतीचं मिश्रण ठरतं. टोकाचा कोन थोडा बदलला तरी इंजिन मंद गतीवर टिकत नाही. काढण्याआधी तो हलक्या हाताने पूर्ण आत न्या आणि किती फेरे लागले ते लिहून ठेवा. बसवताना तेवढेच फेरे बाहेर. टोकावर गोल चरा दिसला तर कोणीतरी तो जोरात आवळलेला आहे. अशी सुई बदलाच, आणि बॉडीतली तिची जागाही भिंगाने तपासा. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडवर मंद आणि वेगवान अशा दोन सुया असतात आणि त्यांना पॅकिंग असतं. सुई बदलताना पॅकिंगही बदला, नाहीतर तिथून हवा ओढली जाते.

दुसरा, बोलचा ड्रेन स्क्रू. त्याला स्वतःची सील असते. आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळू नका. तिचे धागे बोलमध्ये सुटतात आणि जेटमध्ये (पेट्रोलच्या बारीक भोकात) अडकतात. गॅस्केटऐवजी सिलिकॉन लावण्याचाही तोच शेवट, पेट्रोलमध्ये ते फुगून सुटतं.

तिसरा आणि सगळ्यात जोखमीचा, थ्रॉटलची पितळी पाकळी धरणारे दोन बारीक स्क्रू. टू-स्ट्रोक इंजिनात हा स्क्रू सुटला तर तो रीड व्हॉल्व्हवर (क्रँककेसच्या तोंडाच्या झडपेवर) जातो, तिथून क्रँककेसमध्ये, आणि पिस्टन-सिलिंडरची नासाडी होते. म्हणून कारखान्यात त्याचं टोक मागून ठोकून पसरवलेलं असतं. तो विनाकारण काढूच नका. काढायचाच असेल तर मागचं पसरलेलं टोक आधी बारीक कानशीने सपाट करा. तसाच पिळला तर शाफ्टचे आटे जातात. नवा स्क्रू कंपनीचाच घ्या, लांबी अचूक तीच. बसवताना आधी दोन्ही स्क्रू सैल ठेवा, थ्रॉटल स्टॉपचा स्क्रू मागे घ्या, पाकळी पूर्ण मिटवून हलकेच टकटक करा म्हणजे ती आपोआप मध्यावर येते. उजेडासमोर धरून कडेची फट सगळीकडे सारखी आहे का पाहा, मगच स्क्रू एकेक करून काढा, थिनरने पुसा, लॉकटाइट २२२ चा (स्क्रू सैल होऊ न देणाऱ्या द्रवाचा) एक थेंब लावून आवळा. २२२ बारीक स्क्रूंसाठीच आहे आणि पुढे हाताने सुटतो. थेंब पूर्ण वाळायला २४ तास द्या, त्याआधी पेट्रोल लागू देऊ नका. मागचं टोक ठोकायचं असेल तर शाफ्टला खालून आधार देऊनच, नाहीतर शाफ्ट वाकतो आणि थ्रॉटल अडकतो.

हे भाग मागवताना पार्ट नंबर वाचता आला तर काम सोपं होतं. यामाहाच्या साध्या बोल्ट-स्क्रूंच्या क्रमांकात मापच दडलेलं असतं: ९७०९५-०६०२० म्हणजे ६ मिलिमीटर जाड, २० मिलिमीटर लांब. ९७ किंवा ९८ ने सुरू होणारा क्रमांक दिसला की शेवटचे पाच आकडे असे वाचा आणि तो तुकडा बाहेरूनही घेता येईल असं समजा. ९० ने सुरू होणारा स्क्रू मात्र खास बनावटीचा असतो, तो कंपनीचाच आणा.

बाकीचे साधे मेट्रिक स्क्रू मुंबईत नागदेवी स्ट्रीटवरच्या नट-बोल्टच्या दुकानांत मिळतात. माप बोलून मागा: "एम४, ०.७ पिच, १४ लांब, पॅन हेड." नुसता जुना स्क्रू पुढे करू नका. दुकानातच एम४ च्या नव्या नटमध्ये स्क्रू फिरवून बघा. चार लागत असतील तर आठ घ्या, होडीवर एखादा पाण्यात पडतोच. इंचाचे ८-३२ किंवा १०-२४ मिळायला वेळ लागतो, पण त्यासाठी थांबा. भोक मेट्रिकने पुन्हा पाडायची घाई करू नका.

अडकलेला स्क्रू, गेलेले आटे

अलीकडे पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि हंगाम संपल्यावर बोलमध्ये तसंच राहिलं की जस्ताची बॉडी आतून झिजते, आटे पांढऱ्या भुकटीने भरतात. पावसाळ्याआधी बोल रिकामा करून ठेवला तर हा त्रास बराच टळतो.

अडकलेल्या स्क्रूला भेदक तेल लावून रात्रभर ठेवा. सकाळी डोक्यावर हलक्या हातोडीने सरळ ठोके द्या, मग योग्य ड्रायव्हरने आधी किंचित आवळायच्या दिशेने आणि मग सोडवायच्या दिशेने फिरवा. इंपॅक्ट ड्रायव्हर वापरताना बॉडी लाकडाच्या ठोकळ्यावर नीट टेकवा. हवेत धरून ठोकलं तर बॉडीचा स्क्रू बसायचा कानच तुटतो. गरम करायचं असेल तर पेट्रोलचा अंश पूर्ण गेल्यावर, आणि फक्त उकळत्या पाण्याने. ज्योत कधीच नाही. जस्ताचं मिश्रण ४०० अंश सेल्सिअसच्याही खाली वितळतं.

भोक साफ करायला नवा धारदार टॅप (आटे पाडायचं हत्यार) वापरला तर तो उरलेले आटेही खरवडतो. योग्य मापाच्या एका चांगल्या पोलादी स्क्रूच्या अंगावर त्रिकोणी कानशीने उभी खाच पाडा आणि तो हाताने आत-बाहेर फिरवा. घाण खाचेत साठते, आटे वाचतात. नंतर भोक हवेने फुंकून कोरडं करा. तळ बंद असलेल्या भोकात तेल राहिलं आणि वरून स्क्रू आला तर तेल दाबलं जाऊन बॉडीला तडा जाऊ शकतो.

आटे गेलेच असतील तर आधी भोकाच्या तळाशी न वापरलेले आटे शिल्लक आहेत का ते पाहा. २ मिलिमीटर लांब स्क्रूने कधी कधी काम भागतं. नाहीतर हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवा. एम४ साठी ४.२, एम५ साठी ५.२ आणि एम६ साठी ६.३ चं ड्रिल लागतं, पण टॅप मात्र हेलिकॉइलचा खास. ड्रिल हाताने चालवू नका, बेंच ड्रिलवर खोली बांधून घ्या. कानाची भिंत पातळ असेल तर ते काम कुशल टर्नरकडे द्या. एम४ वरून एम५ वर जाणं शेवटचा मार्ग, आणि तेही चारही बाजूंना किमान अडीच-तीन मिलिमीटर धातू उरत असेल तरच. एपॉक्सी भरून आटे पाडणं बोलवर टिकत नाही.

आवळताना

बोलची कड आधी तपासा. जाड काचेवर ठेवून दाबली असता डुगडुगत असेल तर आधीच्या आवळण्याने कोपरे वाकले आहेत. काचेवर ४०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्याने चिकटवून कड इंग्रजी आठच्या आकारात फिरवत सपाट करा. गॅस्केट किंवा ओ-रिंग नवीच घ्या. सगळे स्क्रू बोटांनी बसवा, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळा. एम४ ला दीड ते दोन न्यूटन-मीटर, एम५ ला तीन ते चार पुरे होतात. कार्बोरेटर मॅनिफोल्डला धरणाऱ्या एम६ ला आठ. टॉर्कचा पाना नसेल तर ड्रायव्हरची मूठ मुठीत न धरता तीन बोटांत धरा, जोर आपोआप आवरतो.

मॅनिफोल्डच्या त्या दोन बोल्टांकडे दुर्लक्ष होतं, आणि इंजिन बसतं ते बहुधा तिथूनच. ते कंपनाने सैल झाले की फटीतून जादा हवा आत जाते, मिश्रण पातळ होतं. टू-स्ट्रोकला वंगण इंधनातूनच मिळत असल्याने पिस्टन कोरडा तापतो. स्प्रिंग वॉशर नवे, गॅस्केट नवं, आणि पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावून बघणं भागच आहे.

सगळं जोडल्यावर इंधनाचा फुगा कडक होईपर्यंत दाबा आणि दहा मिनिटं थांबा. बोलच्या कडेने आणि ड्रेन स्क्रूखाली कोरडा टिश्यू पेपर फिरवा. ओला झाला तर लगेच अजून आवळू नका. आधी तो स्क्रू बाहेर काढून टोक बघा: टोक चमकलेलं असेल तर तो तळाला टेकतोय, तिथे आखूड स्क्रू किंवा राहून गेलेला वॉशर हवा. कोरडा राहिला तर पाण्याच्या पिंपात दहा-पंधरा मिनिटं इंजिन चालवा, थंड होऊ द्या, आणि बोलचे स्क्रू त्याच समोरासमोरच्या क्रमाने पुन्हा एकदा तपासा. नवं गॅस्केट बसल्यावर पाव फेरा तरी सैल पडलेला सापडतो.